मागणी घाला, डबा परत करा

केबलच्या ऑफिसात तुम्ही एक वर्ष काढलंत की लोकांना सांगायला किस्से आपोआप जमतात. मला अकरा वर्षं झाली. तक्रारीच्या वहीत मी फक्त "चित्र येत नाही", "आवाज येत नाही" एवढंच लिहिते. बाकीचं डोक्यात साठतं, आणि माझ्या डोक्याला पुसायचं बटण नाही!

आमचं ऑफिस अलिबागला. मालक नंदूशेठ, फोनवर मी, आणि खांबावर सुधीर. सुधीरला सगळे सुध्या म्हणतात. मशीन कुठलंही असो, सुध्या त्याला बोलतं करतो. माणसापुढे मात्र त्याचंच मशीन बंद पडतं. वय चौतीस, लग्न नाही. आईवडील नाहीत, मोठा भाऊ ट्रकवर, कायम फिरतीला. आमच्याकडे मागणी मुलाकडच्यांनी जाऊन घालायची. ती घालायला मी एका पायावर तयार होते हो! पण कुणाकडे घालायची ते याने तोंडाने सांगायला नको?

मला माहीत होतं तरी. नागावची मनीषा. वडिलांबरोबर, म्हणजे आबांबरोबर, वाडीत होमस्टे चालवते. दर मंगळवारी तिचा फोन यायचा, "ताई, रेकॉर्डिंग होत नाहीये." आणि दर मंगळवारी सुध्या इस्त्रीचा शर्ट घालून यायचा. खांबावर चढायला इस्त्री कशाला लागते, हे मी कधी विचारलं नाही. चूक झाली.

*

आधी आमचा माल समजून घ्या. आमच्याकडे दोन प्रकार. एक रेकॉर्डरचा डबा. मालिका त्यात भरून ठेवायची, सवडीने बघायची. दुसरा प्रकार नवा. सिनेमे कंपनीच्या मशीनमध्ये, तुम्ही रिमोटवरून मागवायचे, की आले घरी. कंपनीच्या पत्रकात याचं नाव एवढं लांबलचक होतं की नंदूशेठनी कात्री लावून नुसतं "मागणी" केलं. मग पेंटरला बोलावून दारावर बोर्ड लावला: "मागणी सेवा सुरू! आजच मागणी घाला!"

तिसऱ्या दिवशी पोयनाडकडचे एक आजोबा आले. धुतलेली टोपी, हातात पाकीट. पाकिटात नातवाचा फोटो.

"पोरगा कंपनीत हाय," ते म्हणाले. "निर्व्यसनी हाय. सेती बी हाय."

"आजोबा, हे केबलचं ऑफिस आहे," मी म्हटलं.

"व्हय, वाचलंय मी." आजोबांनी भिंतीवरच्या टीव्हीकडे बघितलं. "म्हंजे पोरगी आदी टीव्हीत दावता काय? बरा हाय. पोहं खायाचा ताप गेला!"

*

मागणी घातली की पडद्यावर तीन ओळी यायच्या: "आपली मागणी नोंदवली आहे. कृपया बॉक्स बंद करू नका. थोडी वाट पाहा." फोनवरून कुणी सिनेमा मागवला तर हेच तोंडाने म्हणायचं, असा कंपनीचा नियम. नंदूशेठनी आमच्याकडून शाळेतल्या कवितेसारखं पाठ करून घेतलं. मी दर वेळी एक ओळ खायची. सुध्या मात्र काना-मात्रा न चुकता म्हणायचा. स्वतःचं काही बोलायचं नसलं की गडी वाघ!

*

नंदूशेठचा जीव मागणीवर. रेकॉर्डर म्हणजे जुना जमाना, असं ते येईल त्याला सांगायचे. एकदा कंपनीचा साहेब आला होता. शेठ त्याला म्हणाले, "साहेब, रेकॉर्डर आता कोणी वापरत नाही. माझ्या घरीसुद्धा नाही."

तेवढ्यात घरून फोन. शेठना फोन स्पीकरवर ठेवायची भारी हौस. वहिनींचा आवाज खणखणीत. "अहो, आपला रेकॉर्डरचा डबा भरला. माझी मालिका मावेना. म्हणून तुमचं पतपेढीच्या सभेतलं भाषण पुसलं."

शेठ कसेबसे म्हणाले, "अगं, विचारायचं तरी!"

"विचारायला नाही केला फोन. सांगायला केलाय."

साहेबाने चहा अर्धा ठेवला आणि बाहेर जाऊन हसला.

*

थळच्या हिरामावशींना दोन्हीतलं काय घ्यावं कळेना. बाजारात मासळी विकणारी बाई, हिशोबाला पक्की. सुध्याने त्यांना अर्धा तास मेमरी, सर्व्हर, बफरिंग असं सगळं ऐकवलं. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे ती मागनी म्हंजे ताजा म्हावरा," त्या म्हणाल्या. "सांगितला का येनार. नि ह्यो डबा म्हंजे सुकट. भरून ठेवायची नि पायजे तवा खायाची."

सुध्या थक्क. "बरोब्बर, मावशी!"

"मंग मना सुकटच दे. पावसान बोटी बंद झाल्या का ताजा कोन आनून देल? तू?"

आम्ही हसलो. पण त्याच पावसाळ्यात वाऱ्याने लाइन तुटली आणि थळमध्ये तीन दिवस केबल बंद. मागणीवाले सगळे काळा पडदा बघत बसले. मावशींच्या डब्यात वीस भाग भरलेले! अख्खी आळी त्यांच्या घरात. सुध्या लाइन जोडायला गेला तेव्हा बघतो तर काय, मावशींनी येणाऱ्या प्रत्येकीपुढे एकेक सूप ठेवलेलं. मालिका बघायची तर सुकट निवडत बघायची!

"आज लायन जोडू नको," मावशी त्याला म्हणाल्या. "अजून दोन पाट्या बाकी हायेत."

*

मुरुडचे हमीदचाचा जहाजावरून रिटायर झालेले. क्रिकेटचं वेड. एकदा फायनलच्याच दिवशी भाचीचा निकाह. चाचांनी मॅच डब्यात भरायला लावली आणि दुसऱ्या दिवशी मॅच बघून होईपर्यंत कोणी स्कोअर सांगायचा नाही, अशी सगळ्या मोहल्ल्याला ताकीद दिली. मोबाइल बंद, पेपर बंद. सकाळी पाव आणायला गेले ते कानांत कापूस घालून.

आणि डबा उघडेना! सुध्याला बोलावलं. तो एसटीने गेला. चाचा दारातच उभे. "बेटा, काम कर. पर मुँह मत खोलना!"

सुध्याला असं काम मिळालं तर आणखी काय हवं? त्याने मान डोलावली. तासभर एक शब्द न बोलता डबा दुरुस्त केला. चाचा खूश. चहा दिला, खारी दिली. निघताना सुध्याला वाटलं, आपणही काहीतरी द्यावं. त्याने खिशातून कागदाची पुडी काढून चाचांच्या हातावर ठेवली.

चाचांनी पुडी उघडली. आत पेढा. "ये काय?"

आता चाचांनीच विचारलं म्हणजे बोलायला परवानगी, असं सुध्याला वाटलं. "एसटी स्टँडवर कालपासून सगळ्यांना वाटतायत, चाचा!"

चाचांनी पेढा तोंडात टाकला, रिमोट सुध्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "ले. अब तूच देख मॅच."

*

मग दसऱ्यानंतर कंपनीचं पत्र आलं. रेकॉर्डरचे सुटे भाग बंद. दिवाळीच्या आत सगळे डबे परत घ्या, मागणीचे बॉक्स बसवा. नव्या बॉक्समधला बिघाड ऑफिसातूनच दुरुस्त होतो, घरी माणूस पाठवायचं कारण नाही.

नंदूशेठनी पत्र मोठ्याने वाचलं आणि टेबलावर थाप मारली. "सुध्या, मजा आहे तुझी! आता दर मंगळवारी नागावला मरायला नको!"

सुध्याने हातातला पाना तीनदा पुसला. मला खरंच वाईट वाटलं हो. दोन वर्षांत या माणसाला जे बोलता आलं नव्हतं, ते बोलायला आता एकच फेरी उरली होती. मी म्हटलं, "या वेळी बोल रे बाबा! नाहीतर आयुष्यभर वायरींशीच संसार करशील."

"बोलतो, ताई," तो म्हणाला. कानापर्यंत लाल झाला होता.

चाळीस डबे परत यायचे होते. अडतीस आले. हिरामावशींनी त्यांचा डबा सुकटीच्या पिंपामागे लपवला आणि चोरीला गेला म्हणून सांगितलं. नागावचा डबा सुध्याने शेवटपर्यंत ठेवला. शेवटी मंगळवारीच गेला. इस्त्रीचा शर्ट.

दुपारी परत आला तो डबा पोटाशी धरून. माझ्यासमोर बसला.

"ताई, डबा रिकामा आहे."

"म्हणजे?"

"सही घ्यायच्या आधी आत काय उरलंय ते गिऱ्हाइकाला दाखवायचं असतं ना? म्हणून यादी उघडली. काही नाही. दोन वर्षांत तिने एकही रेकॉर्डिंग लावलेलं नाही. एकही नाही!"

"अरे, मग दर मंगळवारची तक्रार कसली?"

सुध्याने जरा विचार केला. "रेकॉर्डिंग होत नाही, अशीच होती ना? मग खरीच होती."

"आणि तू दोन वर्षं तिथे जाऊन काय बघत होतास? यादी एकदाही उघडली नाहीस?"

"वायर तपासत होतो," तो म्हणाला. मान खाली.

शेठ वडापाव खाता खाता ऐकत होते. त्यांनी खायचं थांबवलं.

"बरं, रिकामी यादी दोघांनी बघितली," मी म्हटलं. "मग तू काय बोललास तिला?"

"म्हटलं, इथे सही करा."

"आणि ती?"

"तिने सही केली."

मी कपाळावर हात मारून घेतला. एवढ्यात फोन वाजला. शेठनी सवयीने स्पीकर दाबला.

"ताई, मनीषा बोलतेय, नागावहून. तुमचे सुधीर नवीन बॉक्स लावून गेले. पण मागणी कशी घालायची ते काही सांगितलं नाही त्यांनी."

मी सुध्याकडे जळजळीत बघितलं आणि फोनवर म्हटलं, "सोपं आहे गं. रिमोटवरचं लाल बटण दाब, मग–"

"रिमोटवरून नाही घालायची, ताई." मागे आबांच्या खोकल्याचा आवाज. "आबा विचारतायत, तुमच्याकडून कोणी मोठं माणूस येतंय, की आम्हीच येऊ ऑफिसात? बोर्ड वाचलाय आम्ही."

शेठच्या हातातला वडा खाली पडला. मी रिसीव्हर उचलून सुध्याच्या हातात कोंबला. त्याने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. मी खुणेने म्हटलं, बोल! शेठ खुणेने म्हणाले, बोल! सुध्या खुर्चीवरून उठला, ताठ उभा राहिला, शर्ट खाली ओढला आणि एका दमात, काना-मात्रा न चुकता म्हणाला:

"आपली मागणी नोंदवली आहे. कृपया बॉक्स बंद करू नका. थोडी वाट पाहा!"