बाबांच्या ड्रममधलं बेसन

कोणतीही चाचणी दोनदा केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना दम देऊन सांगते. हे शहाणपण मला कुठून आलं ते मात्र सांगत नाही. ते वलगावच्या आमच्या घराला दहा दिवस रडवून आलेलं आहे.

मी अकोल्यातल्या एका प्रयोगशाळेत काम करते. एखादं रसायन सजीवाच्या जनुकांत बिघाड करतं का, हे तपासणं हे आमचं काम. त्यासाठी आम्ही एका जातीचे जिवाणू पाळतो. हे जिवाणू मुळातच अधू. हिस्टिडीन नावाचं एक अन्नद्रव्य त्यांना स्वतःचं स्वतः बनवता येत नाही, त्यामुळे ते द्रव्य नसलेल्या थाळीत ते वाढत नाहीत. पण रसायनानं त्यांच्या जनुकांत फेरफार केला, तर त्यातल्या काहींना ते बनवता यायला लागतं आणि दोन दिवसांनी थाळीवर पांढुरके ठिपके उमटतात. थोडे ठिपके आपोआपही येतात. साध्या पाण्याच्या थाळीपेक्षा फार जास्त आले, तर ते रसायन संशयित. कपड्यांचे रंग, फवारणीची औषधं, कारखान्यांचं सांडपाणी, असं सगळं आमच्याकडे येतं.

"ताई, जगाचं तपासता, घरचं काहून नाई तपासत?" असं एकदा वहिनीनं विचारलं, आणि तिथून सगळं सुरू झालं.

घरचं म्हणजे बाबांचं जीवामृत. रासायनिक खत सोडून बाबांना सात-आठ वर्षं झाली होती. गोठ्याशेजारी निळा ड्रम, त्यात हे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी, आणि सकाळ-संध्याकाळ ते काठीनं ढवळायचं काम वहिनीनं आपणहून घेतलेलं. ढवळताना कोपरापर्यंत शिंतोडे उडायचे. तेव्हा तिला पाचवा महिना होता. आदल्या वर्षी तिसऱ्याच महिन्यात गेलं होतं, आणि का गेलं ते डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं. त्यामुळे या खेपेला घरात सगळे फुंकून पाऊल टाकत होते. तिला अन्न पचत नव्हतं, संत्री तेवढी पचायची. म्हणून बाबा रोज दुपारी ओसरीवर बसून तिच्यासाठी संत्री सोलत. फोडीवरचा पांढरा दोरा न दोरा काढून ताटलीत मांडत. आम्हा भावंडांना त्यांनी कधी साधं केळं सोलून दिल्याचं मला आठवत नाही, आणि मी ते त्यांना ऐकवतही असे.

मी बाटली भरून घेतली. खरं सांगायचं तर मला बाबांची पाठ थोपटायची होती. चाचणीत काहीच निघणार नाही आणि मग मी कागद घेऊन घरी मिरवीन, असा माझा बेत होता. अमरावतीहून अकोल्याच्या एसटीत बसले तर कंडक्टरनं नाकाला रुमाल लावला. "बाई, थैलीत काई मेलं का?" मी म्हटलं, खत आहे. मूर्तिजापूरपर्यंत माझ्या शेजारी कोणी बसलं नाही.

जीवामृत, त्यातले जंतूही अडतील इतक्या बारीक गाळणीतून गाळून थाळ्यांवर घातलं. शुक्रवारी थाळ्या बाहेर काढल्या. पाण्याच्या थाळीवर नेहमीसारखे वीसेक ठिपके होते. बाबांच्या थाळीवर मोजताच येईनात इतके.

आमच्या मॅडम रविवारपर्यंत रजेवर होत्या. थांबायला हवं होतं. पण आपल्याच घरातली बाई तो ड्रम ढवळते आहे म्हटल्यावर मला कुठला धीर! शनिवारी मी वलगावात हजर.

मी सांगितलं, आणि अर्धवट शिकलेल्या माणसासारखं ठासून सांगितलं. वहिनीनं एकच विचारलं, "मंग बाळाले काई होईन का?"

"तसं नक्की सांगता येत नाही," मी म्हणाले. हे उत्तर शास्त्राला धरून होतं आणि त्याहून वाईट उत्तर मला शोधूनही सापडलं नसतं. भाऊ म्हणाला, सोनोग्राफी तर चांगली आली. त्यावर वहिनी म्हणाली, "सोनोग्राफीत हे दिसत नसन ना." ती खरं तेच बोलत होती.

बाबा उठून गोठ्याकडे गेले. त्यांनी ड्रम आडवा केला आणि सगळं जीवामृत उकिरड्यावर वाहू दिलं. मग नळाखाली बसून साबणानं हात धुतले, परत धुतले. त्या दुपारी संत्री ओसरीवर तशीच पडून राहिली. वहिनीच्या पाण्याच्या तांब्याजवळून जातानाही ते हात मागे घेत होते. दुसऱ्या दिवशी वहिनीची आई येऊन तिला चांदूर रेल्वेला माहेरी घेऊन गेली. निघताना दारात वहिनीच्या आईनं मला विचारलं, "तुमी लोकं घरात हे काय करून राहिले होते?"

सोमवारी मॅडमनी थाळी उजेडासमोर धरली. बराच वेळ पाहिली.

"ठिपके राहू दे. ठिपक्यांच्या मागचा थर एवढा दुधाळ का दिसतोय? सगळेच जिवाणू पोटभर जेवल्यासारखे वाढलेत. यात आहे तरी काय?"

शेतकऱ्याच्या घरातलं पोर झोपेतही सांगेल ते मी सांगितलं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती.

"बेसन?" मॅडम म्हणाल्या.

मग माझ्या ध्यानात आलं. डाळीच्या पिठात प्रथिनं असतात. ती आंबली की फुटतात, आणि फुटली की त्यातून हिस्टिडीन सुटतं. म्हणजे ज्यांना उपाशी ठेवून परीक्षा घ्यायची, त्यांच्याच पानात मी ते वाढलं होतं. कशाचा फेरफार आणि कशाचं काय! नमुन्याच्या नोंदीत मी फक्त 'शेण-गोमूत्र अर्क' लिहिलं होतं. बेसन माझ्या दृष्टीनं नोंदवण्यासारखी वस्तूच नव्हती. ते घरात असतंच.

मॅडम रागावल्या नाहीत. "घरी सांगून आलीस?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणताच त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग."

चाचणी पुन्हा मांडली. या वेळी जिवाणूंना जीवामृतात तासभर ठेवलं, मग हिस्टिडीन उरू नये म्हणून स्वच्छ धुतलं आणि मगच थाळीवर टाकलं. जोडीला एका थाळीवर नुसतं आंबवलेलं बेसनाचं पाणी, शेण नाही, गोमूत्र नाही. बेसनाच्या थाळीवर ठिपक्यांची तशीच गर्दी. बेसन विषारी असतं तर झुणका-भाकर खाऊन अख्खं वऱ्हाड केव्हाच आटोपलं असतं. आणि धुतलेल्या जिवाणूंच्या थाळीवर पाण्याच्या थाळीइतकेच ठिपके. मी ते चारदा मोजले आणि पाचव्यांदा मोजताना रडायला आलं. मॅडमनी पूर्ण चाचणी आणखी एकदा करायला लावली. तेवढेच आले. "या चाचणीत काही आढळलं नाही, एवढंच सांग. त्याच्या पुढे एक शब्द नको," त्यांनी बजावलं.

फोनवर सांगायची माझी हिंमत नव्हती. रेल्वेनं थेट चांदूर गाठलं. वहिनी अंगणात पोहे निवडत बसली होती, पूर्वीपेक्षा वाळलेली. मी उभ्यानंच बेसनाची सगळी गोष्ट सांगितली. चूक माझी होती हेही सांगितलं. ती ऐकत राहिली. मग पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडली, आणि रडता रडताच हसायला लागली. "म्हनजे तुमचे किडे बेसन खाऊन माजले होते?" मी म्हटलं, हो, तसंच. तिची आई चहा ठेवायला आत गेली. छातीवरचा धोंडा उतरला म्हणजे काय, ते मला त्या अंगणात कळलं.

डोळे पुसून वहिनीनं विचारलं, "बाबाले सांगतलं का?"

नव्हतं सांगितलं. तिचं भय मला दिसत होतं. बाबा मात्र काही बोलत नव्हते, म्हणून त्यांना काही होत नसेल असं मी धरून चालले होते. तिनंच नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

मी सगळं सांगितलं. पलीकडे गाय हंबरल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "पुन्हा करून पाह्यलं?"

"दोनदा केलं, बाबा. मॅडमनीही पाहिलं. माझंच चुकलं होतं."

मग घसा खाकरून त्यांनी विचारलं,

"मंग आता माया हातची सोललेली संत्री चालन ना तिले?"