मंदारने बदललेली डिक्शनरी

मंदार गेल्याचा फोन आला तेव्हा मी बांगडे साफ करत होते. “गो, आमचो मंदार गेलो...” एवढंच त्याची आई म्हणाली. हृदयविकाराचा झटका. महिना उलटला, तरी फोन वाजला की उचलायची भीती वाटते.

ही भीती तशी जुनीच. पुण्याची नोकरी सोडून मंदार मालवणात परतला आणि आमच्या मच्छीमार मंडळासाठी त्याने पायथॉन या संगणकभाषेत एक प्रोग्राम लिहिला. कचेरीत तो चालवायचं काम माझ्याकडे होतं. त्यातल्या ‘डिक्शनरी’ नावाच्या यादीत प्रत्येक होडीच्या नावापुढे असायचं, ‘समुद्रात’ किंवा ‘बंदरात’. वारा उठला की समुद्रातल्या होड्यांना आम्ही फोन करून परत बोलवायचो.

एका दुपारी वारा अचानक फिरला. पडद्यावर बघितलं तर सगळ्या होड्या बंदरात. माझा जीव भांड्यात पडला, कारण बाबाही सकाळी गेले होते. मग सहज खिडकीतून बघितलं... आमची होडी जाग्यावर नव्हती.

“मंदार, बाबा खंय आसत?”

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. सगळ्या होड्या परतल्या तर पडदा कसा दिसतो, हे बघायला त्याने नुकतंच एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक छोटा तुकडा, चालवलं होतं. फंक्शनला डिक्शनरी दिली की तिची प्रत जात नाही, तीच जाते. आत केलेला बदल मूळ डिक्शनरीतच होतो. त्याला हे पक्कं ठाऊक होतं. घाईत आधी प्रत काढून घ्यायची राहिली होती.

“तुझ्या बापाशीक पडद्यावरसून मियांच पुसलंय गो,” तो हळूच म्हणाला.

बाबांचा फोन लागेना. समुद्र पांढरा झाला होता. मंदार पाण्याचा घोटही न घेता नंबर फिरवत राहिला, आणि मला त्याच्याकडे बघायचीही भीती वाटत होती... तिन्हीसांजेला दुसरी होडी चालवणाऱ्या तांडेलाचा फोन आला. बाबा आचऱ्याच्या खाडीत शिरले होते. सुखरूप होते. मंदार खुर्चीत बसला आणि ओंजळीत तोंड धरून रडला.

फंक्शन त्याने त्याच दिवशी सुधारलं. पण पुढे रोज संध्याकाळी, पडदा काहीही सांगो, तो जेटीवर जाऊन होड्या डोळ्यांनी बघायचा.

आज मी जेटीवर गेले. मासे विकणाऱ्या सावित्रीकाकीने टोपली बाजूला सरकवली.

“हय रव गो. हयसून सगळे होडये दिसतत. तो हयच रवायचो.”

मी तिथे उभी राहिले. बाबा अजून यायचे होते, आणि वारा वाढत होता.