तिसऱ्या खुर्चीवरच्या बाई

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. हळदीच्या पाण्यात चुना टाकला की ते रक्तासारखं लाल का होतं, हे दरवर्षी सहावीच्या मुलांना मीच करून दाखवते. कुणी अंगात आल्याच्या गोष्टी सांगायला लागलं की मी सरळ उठून स्वयंपाकघरात जाते. त्यामुळे इथं लिहायला बसताना माझंच मला हसू आलं. पण सांगितल्याशिवाय आता चैन पडत नाही…

आम्ही चिखलीत राहतो. लग्नानंतरची वीस वर्षं भाड्याच्या घरात काढली, चार घरं बदलली. मग गावाबाहेर एक प्लॉट बघण्यात आला — पूर्वेला तोंड, रस्ता रुंद, शेजारच्या बोअरला बारमाही पाणी. विकणारे देऊळघाटचे दोन भाऊ, सुखदेव आणि मोतीराम. वडिलांनी घेऊन ठेवलेला प्लॉट, वडील वारले, सातबाऱ्यावर दोघांची नावं लागलेली. मी तर मनात स्वयंपाकघराची खिडकी कुठे काढायची तेही ठरवून टाकलं होतं.

वकील कोणता करायचा यावरून मात्र घरात वाजलं. आमचे हे म्हणत होते, बुलढाण्याचा तरुण वकील करू, दोन दिवसांत काम होईल. मी हट्ट धरला की खरेदीखत करायचं तर भास्करराव वकिलांकडूनच. सत्तरीचे गृहस्थ, आयुष्यभर फक्त जागा-जमिनीची कामं केलेली. त्यांची एक पद्धत अख्ख्या चिखलीला माहीत होती. टेबलाच्या डाव्या बाजूला तीन खुर्च्या देणाऱ्यांच्या, उजवीकडे तीन घेणाऱ्यांच्या. दलाल असो नाहीतर घरचा जावई, ज्याची दस्तावर सही नाही त्यानं बाहेरच्या बाकावर बसायचं. आणि कागदाला हात लावण्याआधी ते विकणाऱ्याच्या तोंडून त्याची वंशावळ ऐकून स्वतःच्या हातानं लिहायचे.

शनिवारी सकाळची शाळा आटोपून बाराच्या सुमारास आम्ही गेलो. भाऊ डावीकडे दोन खुर्च्यांवर बसले, तिसरी रिकामी. भास्कररावांनी वर वडिलांचं नाव लिहिलं, खाली सुखदेव, मोतीराम. मग मान वर करून त्या तिसऱ्या खुर्चीकडे बघितलं आणि अगदी अदबीनं विचारलं, "आणि बाई, तुमचं नाव?"

मला वाटलं, मलाच विचारतायत. मी नाव सांगायला लागले तर म्हणाले, "तुम्ही घेणाऱ्या. मी यांना विचारतोय. या कोण तुमच्या?"

सुखदेव म्हणाला, "कोन हो वकीलसाहेब? आमी दोघंच भाऊ."

"मग या हिरव्या लुगड्यातल्या? कपाळावर गोंदलेलं आहे, उजवा हात पदराखाली धरलाय… बाई, हात दुखतोय का?"

माझ्या अंगावर काटा वगैरे काही आला नाही. मला राग आला. म्हातारा कामातून गेला आणि आपण अर्धा दिवस वाया घालवला, एवढंच मनात आलं. नुकतंच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तेही आठवलं. आमचे हे माझ्याकडे 'बघ, मी सांगत होतो' अशा नजरेनं बघत होते.

पण मी आणखी एक बघितलं होतं. मोतीराम पाणी प्यायला उठला. माठ डावीकडच्या कोपऱ्यात, तिसऱ्या खुर्चीच्या पलीकडे. दोन पावलांचं अंतर. तो तिकडून गेला नाही. आमच्या मागून, अख्ख्या टेबलाला वळसा घालून गेला आणि तसाच परत आला. त्याचा चेहरा पार उतरला होता.

भास्कररावांनी पेनाला टोपण लावलं. "बाईंचं नाव दस्तात येईल, नाहीतर त्यांचं हक्कसोडपत्र येईल. त्याशिवाय मी लिहिणार नाही," म्हणाले.

तेव्हा मी मोतीरामला एकच प्रश्न विचारायचा होता — दादा, बहीण आहे का? चार शब्द. ते मी विचारले नाहीत, कारण उत्तर काय येईल याची मला भीती वाटली. माझी खिडकी जाईल, ही भीती. भुताची नाही.

मग बुलढाण्याचे तरुण वकील. लॅपटॉप, एसी, मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर. मी चाचरत म्हटलं, "आणखी कुणी वारस असेल तर?" ते म्हणाले, "मॅडम, सातबाऱ्यावर दोनच नावं आहेत ना? मग विषय संपला." त्यांची चूक नाही म्हणणार मी. मला जे ऐकायचं होतं तेच सांगणारा वकील मी शोधला होता. पुढच्या आठवड्यात फोटो, अंगठे, सह्या — प्लॉट आमच्या नावावर.

यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मला नकला छान येतात. स्टाफरूममध्ये मी भास्कररावांची नक्कल केली, "बाई, हात दुखतोय का?" सगळे पोट धरून हसले. मग लोक फर्माईश करायला लागले. चिखली किती मोठी आहे… वर्षभरात त्यांच्या ऑफिसात कुणी जाईनासं झालं. शटर लागलं, ते मुलीकडे नागपूरला गेले. आमची वास्तुशांत झाली त्याच महिन्यात.

दोन वर्षांनी, एका दुपारी, दारात एक पस्तिशीची बाई उभी. म्हणाली, "मी रोहिणखेडची लता. सुखदेव अन् मोतीराम माहे मामा. आईनं तुमाले बलावलं. कोर्ट-कचेरी काही नाही, फक्त भेटाले या म्हने."

ह्यांनी मला अडवलं. "जाऊ नकोस, काहीतरी लिहून घेतील." मी गेले. एसटीनं बुलढाणा, तिथून मोताळ्यापर्यंत बस, पुढे जीप. जुन्या मशिदीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. खाटेवर लताची आई, सुभद्राबाई. कपाळावर गोंदण. उजवा हात लुळा, पदराखाली घेतलेला. चार वर्षांपासून लकवा, लता म्हणाली, खाटेवरून उठणंसुद्धा होत नाही.

म्हणजे आम्ही वकिलाकडे गेलो तेव्हाही त्या इथंच, याच खाटेवर होत्या. जिवंत.

मी काही बोलायच्या आधी त्याच म्हणाल्या, "वळखलं मी तुमाले. तुमी खिडकीच्या अंगानं बसल्या होत्या."

"कुठे?"

"वकिलापाशी. काऊन, इसरल्या का? म्या तं आली होती ना तुमच्यासंग. म्हाताऱ्यानं मले बाई म्हटलं, हात दुखते का इचारलं. घरच्या मानसानं नाही इचारलं कवा." मग म्हणाल्या, "मोतीरामनं मले पाह्यलं. तुमी मोतीरामले पाह्यलं. मंग तुमी उठून गेल्या."

लता मागे उभी होती. माझ्या कानाशी म्हणाली, "तवापासून हेच बोलून राह्यली मॅडम. आमाले वाटे, तिच्या डोक्यावर परिणाम झाला."

मी खिडकीकडेच बसले होते. हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. नकलेतसुद्धा नाही.

मी त्यांचा डावा हात धरला आणि रडत माफी मागितली. काय हवंय ते सांगा म्हटलं. त्या म्हणाल्या, "काही नाही पाहिजे. फक्त मले इचारा. सुभद्रे, देतं का तुहा हिस्सा, असं इचारा. बापाच्या जाग्याचं मले कोनी इचारलंच नाही."

मीही माझ्या माहेरच्या शेताचं हक्कसोड करून दिलंय. तहसीलच्या ओट्यावर भावानं पेन हातात दिलं, "ताई, इथं" म्हणाला आणि मी सही केली. नाही म्हणायचं नव्हतंच मला. पण विचारलं कुणीच नाही.

म्हणून मी विचारलं. नीट, त्यांच्या डोळ्यांकडे बघून. "सुभद्राबाई, तुमचा हिस्सा मला देता का?"

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मग म्हणाल्या, "नाही देत."

आणि डोळे मिटले. चेहरा इतका शांत होता, की लताच रडायला लागली.

महिनाभरात त्या गेल्या. लतानं फोन करून कळवलं, वर म्हणाली, "मॅडम, तुमी राहा सुखानं, आमाले काही नाही पाहिजे." मी तिला सांगितलं, हिश्शाचं काय करायचं ते कागदावर करू. तो कागद अजून झालेला नाही.

भास्कररावांना नागपूरला फोन केला. नकलेची माफी मागितली. ती त्यांच्या कानावर गेलीच होती. मी विचारलं, तुम्हाला त्या दिसल्या कशा? ते म्हणाले, "मॅडम, मला वाटलं तुम्हालाही दिसतायत. तुम्ही चौघं मिळून खोटं बोलताय, असं समजलो मी. नंतर लोक हसायला लागले तेव्हा कळलं की फक्त मलाच दिसल्या."

रोहिणखेडच्या खाटेवरची जिवंत बाई चिखलीतल्या खुर्चीवर कशी येऊन बसली, हे मला आजही सांगता येत नाही. लकवा, भास, योगायोग… सगळं लावून बघितलं. मुलांना शिकवते त्यातलं काहीच लागू पडत नाही.

पण लिहायला बसले ते त्यासाठी नाही. त्या दिवशी रोहिणखेडहून परत आले तेव्हा हे फाटकातच उभे होते. दिवसभर घोर लागलेला. विचारलं, "काय म्हणाल्या?"

मी चप्पल काढता काढता म्हटलं, "हो म्हणाल्या. सुखानं राहा म्हणाल्या."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेले. खिडकी मला हवी होती तिथेच आहे. मी पाच मिनिटं बाहेरच उभी राहिले. त्यांना अजून खरं सांगितलेलं नाही.