आण्णांची कंपनी

काळी पत्र्याची ट्रंक, तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगातली, जराशी उजवीकडे कललेली इंग्रजी अक्षरं, आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवत उकिडवी बसलेली मी... बालपण म्हटलं की मला आधी हेच दिसतं. दर वर्षी ऊसतोडीच्या दिवसांत, गुऱ्हाळांवरून काकवीचा गोड, किंचित करपट वास गावभर पसरलेला असताना, आण्णा पलटणीतून दोन महिन्यांच्या रजेवर यायचे. कराड स्टेशनात उतरून, मिळेल त्या बैलगाडीनं किंवा ट्रॅक्टरनं ट्रंकेसकट गावात पोचायचे. ट्रंक उघडली की डांबराच्या गोळ्या, बूटपॉलिश, कँटीनचा साबण आणि ओलसर लोकर यांचा एक मिश्र वास सोप्यात दरवळायचा. माझ्या मैत्रिणींना त्या वासाचं कोण अप्रूप! मला मात्र त्याचा राग यायचा. तो वास आमच्या घरचा नव्हता. आण्णांना दहा महिने ज्यांनी ठेवून घेतलं होतं, त्यांचा होता.

त्या काळी आमच्याकडे इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. ए-बी-सी-डी पुरी झाली न झाली तोच मी त्या ट्रंकेला भिडले. पहिल्या ओळीत कसलासा लांबलचक नंबर, दुसऱ्या ओळीत आण्णांचं नाव, आणि त्याखाली एक शब्द, जो मी अक्षर-अक्षर जुळवत, ओठ हलवत, एकदाचा वाचला – कंपनी. मला वाटलं होतं, नावाच्या खाली गावाचं नाव असेल. आईचं असेल. अगदी खोटं कशाला बोला, मला वाटलं होतं माझं असेल... तर तिथं ही कोण कंपनी येऊन बसलेली!

तोवर हा शब्द मला दोनच ठिकाणी भेटला होता. एक, माझा धाकटा चुलता पिंपरीला ‘कंपनीत’ होता. त्याच्या कंपनीचा भोंगा व्हायचा आणि दिवाळीला तिथून मिठाईचा पुडा यायचा. दुसरी कंपनी इतिहासाच्या पुस्तकातली. गलबतांतून व्यापाराला आली आणि हळूहळू आमची साताऱ्याची गादीही गिळून बसली, ती. गुरुजी तिला ‘कंपनी सरकार’ म्हणायचे आणि म्हणताना त्यांचा चेहरा आंबट व्हायचा. आण्णांना गिळून बसलेली कंपनी मला त्या दुसऱ्या जातकुळीतलीच वाटली.

“आण्णा, कंपनी म्हंजे काय वो?” मी विचारलं.

ते दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून हसले. “कंपनी म्हंजे आमी समदी, बाय. एका लंगरात जेवनारी.”

लंगर म्हणजे पलटणीचं स्वयंपाकघर, हे मला ठाऊक होतं. आण्णांच्या सगळ्या गोष्टी तिथूनच तर सुरू व्हायच्या. चुलीपाशी भाकरी थापणारी आई त्यावर म्हणाली, “दुसरी बायकू हाय ती तुज्या बापाची. खरी सवत असती तर म्या निदान तिचं त्वांड तरी बगितलं असतं!” ती हे हसत म्हणाली, पण भाकरीवर तिचा हात नेहमीपेक्षा जोरात पडला.

सवतीमत्सर आईला होता की नाही कोण जाणे, मला मात्र होता. पुरेपूर होता. कारण त्या कंपनीत एक जण होता, ज्याचं नाव आण्णांच्या तोंडी माझ्या नावापेक्षा जास्त वेळा यायचं – जालिंदर. हा जालिंदर आमच्याच मुलखातला, विट्याकडचा. ते दोघे एकाच वर्षी भरती झालेले. बर्फाच्या कुठल्याशा चौकीवर रोट्या दगडासारख्या व्हायच्या, तेव्हा हा जालिंदर त्या आपल्या कोटाच्या आत, छातीशी धरून उबवायचा आणि मग दोघे एकाच ताटात जेवायचे. “एक तुकडा त्येचा, एक माजा,” आण्णा सांगायचे. “ताट एकच. दुसरं घासायला पानीच न्हाई तितं.” शेजारपाजारचे लोक ही गोष्ट ऐकून हळहळायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला त्या बर्फाची, त्या थंडीची कणव येत नव्हती. मला दिसायचं फक्त ते एक ताट.

कारण आण्णांच्या ताटात मला जागा नव्हती. आमच्या घरची रीतच तशी होती. आमच्या एकट्याच्या नव्हे, आळीतल्या सगळ्याच घरांची. आधी गडीमाणसं बसायची, त्यांचं उरकलं की बायका आणि पोरी. अगदी लहान होते तोवर मी आण्णांच्या मांडीवर बसून चार घास खाल्ले असतील, पण आठवं वर्ष लागलं तसं आईनं मला आपल्या बाजूला ओढून घेतलं. आण्णा जेवायला बसले की मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. आणि जेवायचे किती भराभर! शिट्टी वाजायच्या आत उठायची सवय अंगात भिनलेली. मी भाकरी आणायला आत जाऊन येईतो ते हात धुवायला उठलेले असायचे. वर्षातले साठ दिवस ते घरी असत, आणि त्यातला एकही घास माझ्याबरोबरचा नसे.

त्या वर्षी मी धीर केला. त्यांच्या बुटांना पॉलिश करता करता मान खाली घालून म्हटलं, “आण्णा, मला तुमच्या ताटात जेवायचंय. एकदाच.”

त्यांनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला. मग म्हणाले, “ऐतवारी. मटान आनतो. तू आन् मी एका ताटात. आईला मी सांगतो.”

तो आठवडा मी कसा काढला, ते मला आजही नीट सांगता यायचं नाही. शाळेत दोन मैत्रिणींना सांगितलं, त्यांनी ते चौघींना सांगितलं. रविवारी सकाळपासून आई पाट्यावर कांदा-खोबरं वाटत होती. भाजल्या खोबऱ्याचा तो तेलकट, खमंग वास, चुलीवरच्या रश्श्याचा रटरट आवाज, परसातली थंडीतली उन्हं... आणि मी, वेणीला नवी रिबीन बांधून, दर पाच मिनिटांनी पातेल्यात डोकावणारी. पितळेचं मोठं ताट मी स्वतः चिंचेनं घासलं होतं, दोनदा.

आणि भर बारा वाजता, दारात सायकल टेकवून, एक उंच, सावळा, मिशीवाला माणूस उभा राहिला. “हाय का न्हाई कोन घरात?”

आण्णा धावले. माझे आण्णा, जे गाडीतून उतरल्यावरही सावकाश, पावलं मोजत घरात शिरायचे, ते अनवाणी धावले आणि त्यांनी त्या माणसाला मिठीच मारली. मला कुणी सांगायची गरज नव्हती. तो जालिंदर होता. त्यालाही रजा मिळाली होती, आणि बहिणीच्या गावाला जाता जाता वाट वाकडी करून तो आला होता. मला पाहून म्हणाला, “हीच व्हय तुजी मंगल? लय सांगतोस की हिचं.” आण्णा माझं सांगतात, हे ऐकून मी विरघळायला हवं होतं. पण माझं लक्ष आण्णांच्या तोंडाकडे होतं, आणि तिथून तेच आलं ज्याची मला धास्ती होती.

“बाय, तू आज आईसंगं बस मागनं. पावना आलाय न्हवं.”

आत आई तव्यापाशी बसली होती. आण्णा पाणी न्यायला आले तेव्हा तिनं हळूच विचारलं, “आवं, आडनाव काय म्हनला त्येंचं?”

“कांबळे. बौद्ध हाय त्यो. का?” आण्णांचा स्वर असा होता की आईनं पुढं काही विचारलं नाही. नुसती बाहेरच्या वळचणीकडे एकदा नजर टाकली आणि पुन्हा भाकरीकडे वळली.

ती नजर मी पाहिली. आमच्या वळचणीला जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, एक ताटली आणि कान मोडलेला कप खोचून ठेवलेला असे. वस्तीवरून कामाला येणाऱ्या बौद्ध बायाबापड्यांना त्यात वाढायचं, वरून पाणी घालायचं, आणि त्यांनीच ते धुऊन पुन्हा तिथं खोचायचं. मला जातीतलं काय कळत होतं, दहा वर्षांची पोर मी... असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मला पुरेसं कळत होतं. ती ताटली कुणाची, आणि ती समोर ठेवली की माणूस ताटाबाहेर जातो, एवढं मला नेमकं कळत होतं, आणि मला तेवढंच हवं होतं.

आण्णा हात धुवायला परसात गेले होते. सोप्यात घोंगड्यावर जालिंदरकाका एकटेच बसलेले, समोर मी घासलेलं पितळेचं ताट, दोघांसाठी वाढून ठेवलेलं. मी वळचणीची ताटली काढली, आणि ती त्यांच्यापुढं नेऊन ठेवली. पितळेचं ताट उचलून आण्णांच्या जागेसमोर सरकवलं. वेगळं. हातभर लांब.

काकांनी ताटलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांच्या मिशीखाली हसू तसंच होतं, पण डोळ्यांतलं गेलं होतं. पाहुणचाराचं अवघडलेपण त्यांनीच सावरलं. “झ्याक हाय की बाय,” ते म्हणाले. “हलकं.”

तेवढ्यात आण्णा आले. काय झालंय ते समजायला त्यांना क्षणही लागला नाही. मला वाटलं, आता मारतील. एकदा जरी मारलं असतं तर बरं झालं असतं. ते खाली बसले, पितळेच्या ताटातला रस्सा, भाकरी, कांदा सगळं त्या उथळ ताटलीत ओतलं आणि काकांच्या गुडघ्याला गुडघा लावून जेवायला लागले. रस्सा कडेवरून घोंगड्यावर सांडत होता. दोघांची बोटं एकमेकांना लागत होती. आई भाकरी घेऊन उंबऱ्यात उभी होती, तिच्या हातातून ती आण्णांनीच घेतली.

आणि मी? लाज वाटली असं लिहिलं तर ते शोभेल. पण त्या क्षणी मला लाज नव्हती वाटत. मी जळत होते, आधीपेक्षा जास्त. ज्या दोघांमध्ये हातभर अंतर टाकायला मी गेले, ते माझ्यामुळेच आणखी जवळ सरकून बसले होते.

रजा संपेपर्यंत आण्णा त्याच ताटलीत जेवले. आईनं दोनदा विनवलं, तिसऱ्यांदा विनवायच्या आधी वळचणीतला कप तिनं स्वतःच उकिरड्यावर फेकून दिला. आण्णा मला एका शब्दानं बोलले नाहीत. आणि मी पुन्हा कधी त्यांच्या ताटात जेवायचं म्हटलं नाही. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पेन्शन घेऊन ते कायमचे घरी आले तेव्हा मी सांगलीला कॉलेजात निघून गेले होते.

सांगलीच्या कॉलेजात ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एका उतरत्या मेजावर एक जाडजूड इंग्रजी कोश ठेवलेला असे, पानांना जुन्या डिंकाचा वास. इंग्रजी हाच विषय घेतलेला, त्यामुळे शब्दांच्या कुळकथा वाचायचं वेड लागलेलं. एका दुपारी ‘कंपनी’ काढला. फ्रेंचांकडून इंग्रजांकडे आलेला हा शब्द मुळात लॅटिन. ‘कॉम’ म्हणजे एकत्र, ‘पानिस’ म्हणजे भाकरी... पोर्तुगीजांनी आणलेला आपला पाव त्याच घराण्यातला. एका भाकरीतलं जे वाटून खातात, ते. मग ते सोबती झाले, मग सैनिकांची तुकडी, मग भांडवल एकत्र करणारे व्यापारी, आणि मग भोंगा वाजवणारा पिंपरीचा कारखाना. आमच्या सांगलीनं तर त्याला नाटक कंपनी म्हणून दारात आणला. तिच्या पडद्याइतकीच तिच्या पंगतीची वर्णनं जुनी माणसं करतात. विद्वानांनी लावलेला हा शोध आण्णांनी अर्ध्या गालावर फेस घेऊन मला कधीच सांगून टाकला होता. कोश मिटला. लाज वाटायला मला नऊ वर्षं लागली होती.

तरी मी बोलले नाही. काकांशी नाही, आण्णांशीही नाही. नोकरी लागली, लग्न झालं. काही वर्षांनी आण्णांना मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं. मी रोज सांगलीहून डबा घेऊन जायची. ते माझ्या हातचे दोन घास घेऊन तोंड फिरवायचे, आणि विट्याहून आलेल्या जालिंदरकाकांनी भरवलं की चार जास्त खायचे. या वयातही माझ्या पोटात दुखायचं. मग तेही बंद झालं; नुसतं सलाईन.

त्या दुपारी बाहेरच्या बाकावर काकांनी फडक्यातली भाकरी सोडली, अर्धी मोडून माझ्यापुढं धरली. मला ती घेववेना. म्हटलं, “काका, त्या दिवशी ती ताटली...”

“लागलं व्हतं मला,” ते म्हणाले. “न्हाई म्हनलो तर खोटं व्हईल. ल्हान पोर म्हनून सोडून दिलं, पर लागलं व्हतं.” भाकरी त्यांनी तशीच माझ्यापुढं धरलेली होती. “तुज्या बापानं मला तवाच सांगितलं. म्हनला, पोरीला ताटात घ्यायचं कबूल केल्तं, आन् तू आलास तर म्याच इसारलो. चूक माजी, म्हनला. पुन्ना ती कवा ताटाजवळ येईल त्येची वाट बगत व्हता गडी. दर रजंला म्हनायचा, अवंदा येईल.”

मी भाकरी घेतली. ज्वारीची होती, सकाळची, कडेला वातड झालेली. ती खाऊन झाल्यावर आत गेले तेव्हा आण्णांना झोप लागली होती, आणि परिचारिकेनं मला ओठांवर बोट ठेवून बाहेरच थांबायला सांगितलं. मी दारातूनच त्यांच्याकडं बघत उभी राहिले. मला वाटलं, उद्या विचारीन, आण्णा, तुमच्या ताटात बसू का. तिसऱ्या दिवशी ते गेले, आणि त्या दोन दिवसांत त्यांच्या पोटात अन्नाचा कण गेला नाही.