हरीला पीटी माफ होती

त्या पावसाळ्यात आमची कंपनी पुण्यात होती. रायगडात पालीच्या वरच्या डोंगरात दरड कोसळली, एका वाडीचा रस्ता तुटला आणि पहाटे आम्हाला हुकूम आला. मी थळचा. आपल्याच जिल्ह्यात फौजेच्या गाडीतून जायची माझी ती पहिलीच वेळ, आणि तीही अशा कामासाठी.

सोबत कंपनीचा कूक होता, नायक हरी, माणगावचा. फौजेत सकाळची पीटी कुणाला चुकत नाही. थंडी असो नाहीतर रात्रीची ड्यूटी झालेली असो, पळायचंच. हरीला मात्र माफ होती. आमच्या सुभेदारसाहेबांनीच दिलेली. "राहू दे त्याला. परत आल्यावर चहा गरम लागतो." आम्ही धापा टाकत आलो की हरी ढेरीवरून हात फिरवत हसायचा. "तुमी पळा रं. तुमच्या वाटचं मी खातो." चाळिशीच्या आत बीपीची गोळी सुरू झाली, तरी आम्ही थट्टाच करत राहिलो. खाऊपिऊ घालणारा माणूस अंगानं सुटलेला असायचाच, असं सगळ्यांना वाटे.

गाड्या नाल्याशी थांबल्या. पुढे खडा चढ आणि चिखल. वाडीतली माणसं दोन दिवस उपाशी होती.

साहेब म्हणाले, "हरी, तू इथेच शिजव. जवान वर नेतील."

"गार भात काय वाढायचा साहेब? माज्याच मुलखातली मानसं हायेत. मी जातो."

पातेलं पाठीला बांधून तो निघाला. अर्ध्या वाटेत त्याने करवंदीची जाळी धरली. चेहरा पांढरा पडलेला. मी पातेलं काढून घेतलं.

"माघारी फिर, हरी."

"दम लागलाय निसता. चल."

छाती माझीही धडधडत होती, पण दोन मिनिटं उभा राहिलो आणि ती शांत झाली. त्याची होईना. रोजच्या पळण्याने काय कमावलं ते मला त्या चढावर कळलं. तोवर मी पळण्याला शिक्षाच समजत होतो.

वर त्याने तीन दगड मांडले, भात शिजवला, एका म्हातारीला पहिला वाढला. मग भिंतीला टेकून बसला आणि आडवा झाला. मी रेडिओ घेतला.

"एक कॅज्युअल्टी. नीचे ॲम्ब्युलन्स तयार रखो. ओव्हर."

"सिव्हिलियन? ओव्हर."

"नहीं. अपना आदमी. ओव्हर."

श्वास चालू होता. चौघांनी स्ट्रेचर उचललं आणि जवळजवळ पळतच उतरलो. अंगात होती नव्हती ती सगळी ताकद लावली. ॲम्ब्युलन्सशी पोचेपर्यंत हरी गेला होता.

मेडिकल ऑफिसर म्हणाले, "खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही. पण रोज घाम गाळला असता तर बीपी ताब्यात राहिलं असतं, हृदयाला सवय असती. एवढा भार एकदम आला."

आम्ही त्याला माणगावला घेऊन गेलो. नाक्यावर 'अमर रहे'चा बॅनर लागला होता. सलामी झाली. सगळं आटोपल्यावर हरीची बायको सुभेदारसाहेबांसमोर येऊन उभी राहिली.

"समद्यांना पळवता ना तुमी? मंग ह्यांनाच का न्हाय पळवलंत?"

साहेबांनी टोपी काढली. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

"जीव होता गं माझा त्याच्यावर, पोरी."