देशकर सरांचा तिसरा गोळा

बस राजेगावला थांबली होती, तेव्हा देशकर काकूंचा फोन आला. "सर गेले गं पोरी, पहाटेच." मी गोंदियाहून त्यांनाच भेटायला बालाघाटला निघाले होते...

देशकर सर आम्हाला भौतिकशास्त्र शिकवायचे. वर्गात हिंदीतून आणि आम्हा मराठी घरच्या, खैरलांजीकडच्या पोरींना सुटीत व्हरांड्यात बसवून पुन्हा मराठीतून. माझ्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं. आज मी तोच विषय शिकवते, ते त्या व्हरांड्यामुळे. पोळ्याला काकू मातीचे बैल घडवायच्या आणि उरलेल्या मातीचे सर सारख्या आकाराचे दोन गोळे वळायचे, एकाच्या पोटात मँगनीजचा जड दगड, दुसऱ्याच्या पोटात धानाचा कोंडा. वाळले की आमच्या हातात द्यायचे. "फोडायचं नाही. तोलून सांगा, आत काय असन." कोणी झटकन "मँगनीज आहे" म्हटलं की विचारायचे, "तू आत जाऊन आली काय? असू शकते म्हण." मग ते दोन्ही फोडून दाखवायचे. तिसरा गोळा मात्र जुनाच असे, दरवर्षी तोच. आकार तेवढाच, वजन मधलं. आत बारका दगड आणि भोवती कोंडा, की सगळी नुसती मातीच? आम्ही हमरीतुमरीवर यायचो. तो त्यांनी कधीच फोडला नाही.

पुढे एम.एस्सी. करताना मी त्यांना आपल्या शेजारच्या एका लहान, तांबूस ताऱ्याविषयी सांगितलं. त्याच्याभोवती पृथ्वीएवढे ग्रह फिरतात. ग्रह समोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो, त्यावरून ग्रहाचा आकार कळतो; ग्रहांच्या आपसांतल्या ओढाताणीवरून त्यांचं वजन कळतं. जाऊन पाहणं तर शक्यच नाही. सर खुर्चीतून उठलेच. "म्हणजे आपले गोळेच की हे!" तेव्हापासून प्रत्येक भेटीत त्यांचा एकच प्रश्न असे.

शेवटच्या भेटीतही तोच. उशीला टेकून, दम लागत असताना त्यांनी विचारलं, "मंग... पाणी हाय काय तिथं?" काकू मला दाराशी घेऊन गेल्या. "हौ म्हणून टाक ना. आजारी मानूस, तेवढंच बरं वाटन त्याईले." मलाही त्यांना बरं वाटायला हवं होतं. 'हौ' ओठावर आलं होतं... पण सरांकडे पाहिलं आणि मी म्हणाले, "पाणी असू शकते सर. नाहीतर लोखंड कमी असलेला नुसता खडक बी असू शकते. दोन्हीचं वजन तेवढंच भरते."

सरांनी नजर छताकडे वळवली. मला वाटलं, दुखावले. मग काकूंकडे वळून हसले. "पाह्यलं काय? माही पोरगी फेकत नाही."

परवा मी काकूंना भेटायला गेले तेव्हा तिसरा गोळा खिडकीत होता. काकूंनी तो माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरातून वरवंटा आणला. "मले बी कधी सांगितलं नाही त्याईनं. फोडून पाह्यू काय? आता कोन रागावनार हाय." मी गोळा त्यांच्या तळहातावर ठेवला. काकूंनी हात हळूहळू वरखाली केला, डोळे मिटले, पुन्हा तोलला.

"कोंडा असू शकते," त्या म्हणाल्या. मग थांबून, "माती बी असू शकते."

वरवंटा त्यांनी पाट्यावर नेऊन ठेवला आणि खिडकीतली कापडाची चुंबळ नीट करून गोळा तिच्यावर बसवला, घरंगळू नये म्हणून.