घरटी एकच वस्तू

होलमुरोद आयुष्यभर ट्रॅक्टर चालवून निवृत्त झालेला माणूस. कुलोब शहराकडच्या त्याच्या गावात हिवाळ्यात लाइट संध्याकाळी पाहुण्यासारखी यायची आणि चहा संपायच्या आत निघून जायची. बायको सादबर्ग शरदात वारली, मुलं रशियात इमारती बांधतायत; म्हणजे लाइटशिवाय त्या घरी येणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणून तो सगळी बटणं चालूच ठेवायचा. लाइट आली की दिवे लागत, किटली सूं करी, टीव्ही बडबडायला लागे, आणि म्हाताऱ्याला वाटे, घरात माणसं आली.

गंमत म्हणजे थंडीपायी अख्खं गाव तेच करत होतं. शेवटी एका संध्याकाळी इतके हीटर एकदम तापले, की ट्रान्सफॉर्मरनं धाडकन जीव सोडला. नवा बसेपर्यंत गाव टोप्या घालून झोपलं. मग मशिदीबाहेर बैठक होऊन ठरलं: दिव्याखेरीज घरटी एकच वस्तू लावायची. सगळ्यांनी अर्थातच हीटर निवडला.

होलमुरोदनं टीव्ही निवडला.

शेजारची सफरमो रोटी द्यायला आली, तर खोलीत तोंडातून वाफ निघत होती.

"आका," थोरल्या भावाला मारतात तशी तिनं हाक मारली, "हीटर कुठाय?"

"कोपऱ्यात. सुट्टीवर."

"आणि तुम्ही काय, बातम्या पांघरून झोपणार?"

ट्रॅक्टरवर उघड्यावर जन्म गेला, मला कसली थंडी, असं तो म्हणाला. सफरमोनं खोलीच्या मधल्या संदलीत हात घातला. बुटकं मेज, खाली निखाऱ्यांचा खड्डा, वरून रजई. खड्ड्यात शरदातली राख होती. एकट्याच्या पायांसाठी कोण निखारे करत बसणार?

आमच्याकडे येऊन बसा, म्हणून ती नेहमीसारखी रागावली. तो एकदा गेला होता. तिच्या संदलीला चार बाजू आणि घरात चार माणसं. त्याच्यासाठी तिची सासू कोपऱ्याला सरकली, आणि कोपऱ्याला ऊब पोचत नाही. म्हातारी रात्रभर खोकत 'मी मजेत आहे' म्हणत राहिली. तेव्हापासून याला रोज नवं कारण सुचे. आज गुडघा होता.

टीव्हीवर एक बाई पुलाव करत होती.

"गाजर जाड चिरलंय हिनं," तो म्हणाला.

"ऐकतेय का ती तुमचं?"

"नाही. सादबर्ग तरी कुठं ऐकायची."

सफरमो उठून गेली. परतली ती आपल्या तंदूरमधले फावडंभर निखारे घेऊन. ते खड्ड्यात ओतले, वर राख पसरली आणि न बसताच निघाली. तिची पोरं जेवायची होती.

होलमुरोदनं पाय आत घातले. ऊब गुडघ्यापर्यंत चढली. बाईनं पुलावावर झाकण ठेवलं आणि लाइट गेली.

निखारे ओतताना उचललेली रजई पलीकडून तशीच राहिली होती, ऊब तिकडून निघून चालली होती. तो उठला, अंधारात चाचपडत रिकाम्या तिन्ही बाजूंनी रजई नीट खोचली आणि जागेवर आला. बसला तो घर भरलेलं असतानाच्या सवयीनं पाय आखडूनच. आता ते कुणाला लागणार नाहीत, हे त्याला कळत होतं. तरी त्यानं पसरले नाहीत.